कॅन लाह म्हणजे ‘जमेल की’: सिंगापुरात नव्याने येणाऱ्या मराठी माणसासाठी सिंग्लिश

सिंगापुरात उतरले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घराखालच्या कॉफी शॉपमध्ये गेले आणि शाळेत घोटून घेतलेल्या इंग्रजीत, अगदी आर्जवाने, कमी साखरेची एक कॉफी मिळेल का असं विचारलं. काउंटरमागच्या मावशींनी माझं वाक्य संपेपर्यंत वाट पाहिली, मागे मान वळवून ‘कोपी सिउ दाइ!’ एवढंच ओरडल्या आणि मला म्हणाल्या, ‘हॅविंग हिअर?’ मी विचारलं, ‘हॅविंग व्हॉट?’ रांगेतले दोघे हसले. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, पण मला कळलं की माझ्या दहा शब्दांचं काम इथं तीन शब्दांत होतं आणि ते तीन शब्द मला येत नाहीत.

हा लेख त्या तीन शब्दांसाठी आणि त्यांच्या पाठोपाठ येणाऱ्या गोतावळ्यासाठी. क्रम मी मुद्दाम ठेवलाय: आधी कान, मग पोट, मग तोंड. बहुतेक लोक उलटं करतात. येतात आणि तिसऱ्या दिवशी प्रत्येक वाक्यामागे ‘लाह’ लावायला लागतात. मुंबईत नवा आलेला माणूस ‘अपुन’ आणि ‘बोले तो’ करायला लागला की कानाला जसं खटकतं, तसंच इथल्यांना हे खटकतं.

आधी पंधरा दिवस नुसतं ऐका

सिंग्लिश म्हणजे मोडकंतोडकं इंग्रजी, हा समज विमानातच सोडा. सिंगापूरच्या अधिकृत भाषा चार: इंग्रजी, मलाय, मॅन्डरिन आणि तमिळ. राष्ट्रभाषा मलाय आहे आणि राष्ट्रगीतही मलायमध्येच आहे. शिवाय चीनच्या फुजियान प्रांतातून आलेल्यांची हॉकियन, तिची बहीण तिओच्यू आणि कँटोनीज या बोली घराघरांत होत्या. बाजारात सगळ्यांना कळेल अशी सोपी मलाय चालायची. या सगळ्यांची मुलं इंग्रजी शाळेत शेजारी शेजारी बसली आणि मधल्या सुट्टीत जे बोलू लागली, ते सिंग्लिश. शब्द इंग्रजी, वाक्याचा सांगाडा बराचसा चिनी आणि मलाय, भावना सगळ्यांच्या. २०२०च्या जनगणनेत ४८.३ टक्के रहिवाशांनी घरात सर्वांत जास्त बोलली जाणारी भाषा इंग्रजी असं सांगितलं. त्या इंग्रजीतली किती सुटाबुटातली आणि किती घरच्या कपड्यांतली, हे मात्र जनगणना विचारत नाही.

कान तयार करताना तीन गोष्टी धरा. पहिली, शब्दाच्या शेवटचं व्यंजन बरेचदा गिळलं जातं आणि ‘थ’चा ‘ट’ किंवा ‘ड’ होतो. ‘ट्री डॉलर’ ऐकलंत तर झाड शोधू नका, तीन डॉलर काढा. दुसरी, प्रत्येक अक्षराला जवळपास सारखाच वेळ मिळतो. आपणही इंग्रजी असंच बोलतो, त्यामुळे अमेरिकन माणसापेक्षा आपल्याला हे लवकर पचतं. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, वाक्य जितकं छोटं तितकं ते उद्धट, हे आपलं गणित इथं चालत नाही. ‘वॉट यू वाँट?’ हा टपरीवरचा साधा, कामाचा प्रश्न आहे. मी पहिला महिनाभर उगाच दुखावली जात होते.

वाक्यरचनेला तर आपण मराठी माणसांनी घाबरूच नये. ‘दिस वन हाउ मच?’ म्हणजे ‘हे केवढ्याला?’ दोन्हीकडे क्रियापद गायब. ‘ही व्हेरी क्लेव्हर’ म्हणजे ‘तो फार हुशार’. ‘आय ईट ऑलरेडी’ म्हणजे ‘जेवून झालं’. ‘गॉट राइस?’ म्हणजे ‘भात आहे का?’ आणि माझं लाडकं, ‘व्हेअर गॉट टाइम!’ म्हणजे ‘वेळ कुठाय!’ हे इंग्रजी व्याकरणात बसवायला जाल तर डोकं फुटेल, मराठीत ऐकाल तर आपल्याच आळीतलं वाटेल. लोक भेटल्यावर ‘ईट ऑलरेडी?’ विचारतात. त्याला काय खाल्लं, किती वाजता खाल्लं असं सविस्तर उत्तर द्यायचं नसतं. आपल्या ‘जेवलात का?’ला आपण जेवढं देतो, तेवढंच द्यायचं.

मग पोट: कोपीची बाराखडी

इथून बोलायला सुरुवात करा. कोपीवाला तुमच्या उच्चारांची परीक्षा घेत नाही, त्याला फक्त पुढचं गिऱ्हाईक दिसत असतं.

नुसतं ‘कोपी’ म्हणालात तर कॉफीत डब्यातलं घट्ट गोड दूध, म्हणजे कन्डेन्स्ड मिल्क येतं. आपल्या जिभेलाही ते पहिल्यांदा बासुंदीसारखं लागतं. ‘कोपी-ओ’ म्हणजे बिनदुधाची काळी, पण साखर घातलेली. ‘कोपी-सी’ म्हणजे बिनगोड आटवलेलं दूध आणि वेगळी साखर. यापुढे शेपट्या जोडायच्या. ‘कोसोंग’ म्हणजे साखर नको. ‘सिउ दाइ’ म्हणजे कमी गोड. ‘गाउ’ म्हणजे कडक, ‘पो’ म्हणजे पातळ, ‘पेंग’ म्हणजे बर्फ घालून. कोपीच्या जागी ‘तेह’ म्हटलं की हेच सगळं चहाला लागू. दुधाची, कमी साखरेची, कडक, थंड कॉफी हवी असेल तर ‘कोपी-सी गाउ सिउ दाइ पेंग’. एका दमात म्हणायचं, मध्ये स्वल्पविराम नाही. यात कोपी आणि कोसोंग मलाय, ओ आणि पेंग हॉकियन. एका कपात अख्खं शहर, असं इथले लोक म्हणत नाहीत, ते नुसतं पितात.

घरच्यासारखा चहा हवा असेल तर भारतीय मुस्लिम स्टॉलवर ‘तेह हलिया’ मागा. हलिया म्हणजे आलं. ‘तेह तारिक’ हा उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओढत फेसाळ केलेला चहा, तारिक म्हणजे ओढणे. आणि कुणी जुना माणूस ‘ताक किउ’ मागताना दिसला तर हुरळू नका, ताक मिळत नाही. हॉकियनमध्ये त्याचा अर्थ चेंडूला लाथ मारणे. मायलो या चॉकलेटी पेयाच्या डब्यावर फुटबॉल खेळणारा पोरगा असायचा म्हणून मायलोला हे नाव पडलं.

जेवणाकडे वळू. जिथं पन्नास स्टॉल एका छताखाली असतात त्याला हॉकर सेंटर म्हणतात. या खाद्यसंस्कृतीचा २०२० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. तिथं रिकाम्या टेबलावर टिशूपेपरचं पाकीट पडलेलं दिसलं तर ते कुणी विसरलेलं नाही. ती जागा ‘चोप’ केलेली आहे. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकण्याची आपली परंपरा आणि ही परंपरा सख्ख्या बहिणी, फरक एवढाच की इथं पाकिटाचा मान ठेवतात. पाकीट उचलून बसू नका. छत्री, ऑफिसचं ओळखपत्र, काहीही ठेवून चोप करता येतं. पहिल्यांदा ओळखपत्र ठेवून जाताना माझा जीव वरखाली होत होता.

पार्सल हवं तर ‘तापाओ’, काही जण ‘दाबाओ’ म्हणतात. मलाय स्टॉलवर ‘बुंगकुस’. ‘हॅविंग हिअर ऑर तापाओ?’ हा प्रश्न दिवसातून एकदा तरी कानावर पडतो, त्याच्या अर्ध्या भागाने माझी पहिल्या दिवशी विकेट घेतली. खाल्ल्यावर ट्रे परत नेऊन ठेवायचा, २०२१पासून तो नियम आहे आणि न पाळल्यास दंडही होऊ शकतो. ट्रे ठेवायच्या मांडणीवर हलाल आणि इतर असे वेगळे कप्पे असतील तर ते बघून ठेवा.

शाकाहारी मंडळींसाठी इथं थोडं थांबते, कारण हा खड्डा खोल आहे. ‘नो मीट’ म्हणून भागत नाही. मीट म्हणजे चिकन-पोर्क, मासा त्यात मोजतीलच असं नाही. भाजीत ऑइस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, असतो आणि तिखट संबळ चटणीत बहुतेक वेळा ‘बेलाचान’ असतं, म्हणजे सुकवून आंबवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा. कोकणातल्यांना वासानेच कळेल. म्हणून ‘नो मीट, नो फिश, नो प्रॉन, नो एग’ असं एकेक नाव घेऊन सांगा आणि ‘नो चिली’ही जोडा. चिनी बौद्ध पद्धतीचे शाकाहारी स्टॉल जवळपास प्रत्येक वस्तीत असतात. तिथं बदकाच्या मांसासारखे तुकडे दिसतील, ते सोयाबीन किंवा गव्हाच्या सत्त्वाचे असतात. प्राटा म्हणजे आपल्या पराठ्याचा दक्षिणी चुलत भाऊ, तो ‘प्राटा कोसोंग’ मागितला की साधा येतो. कोसोंग इथंही तेच काम करतो: आत काही नको. ‘तेलुर’ म्हटलं तर अंडं येईल.

जेवण आवडलं की ‘शिओक!’ म्हणा. याला मराठीत एक शब्द नाही. तर्रीदार मिसळीचा पहिला घास आणि उन्हातून आल्यावर माठातलं पाणी, या दोन्ही वेळी तोंडातून जो ‘आहाहा’ निघतो तो शिओक. हा शब्द वापरायला परदेशी माणसाला कुणीच हसत नाही. उलट स्टॉलवाला खूश होतो.

आता तोंड: ‘कॅन’

सिंग्लिशचा खरा खांब ‘कॅन’ आहे. हो, चालेल, जमेल, मिळेल, परवानगी आहे, सगळं त्यात येतं. प्रश्न ‘कॅन ऑर नॉट?’ आणि उत्तर ‘कॅन’ किंवा ‘कॅनॉट’. आपण ‘जमेल की नाही?’ ‘जमेल.’ असं बोलतो तसं. ‘कान्ट’ म्हणू नका, इथल्या उच्चारात ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांत घोळ होतो. ‘कॅनॉट’ स्पष्ट ऐकू येतं.

पण कॅन एकटा क्वचितच फिरतो. त्याच्यामागे एक इवलंसं अक्षर येतं आणि सगळा रंग बदलतो. इथंच बाहेरच्यांची दांडी गुल होते आणि इथंच आपली, मराठी माणसांची, लॉटरी लागते. बघा:

आलाय. आलाय की! आलाय ना? आलाय होय? आलाय म्हणे. आलाय बरं का. आलाय राव!

माणूस तोच, येणंही तेच. बदललं काय? बोलणाऱ्याचा चेहरा. ‘की’मध्ये ‘कोण म्हणतं नाही आला’ आहे, ‘होय?’मध्ये ‘मला नाही पटत’ आहे, ‘म्हणे’मध्ये ‘मी हमी घेत नाही’ आहे. हे भाषांतर करून इंग्रजी माणसाला सांगायला बसलात तर संध्याकाळ होईल. सिंग्लिशने नेमकी ही सोय इंग्रजीच्या शेपटीला बांधून घेतली. ‘लाह’ म्हणजे काय, असं यूरोपीय सहकाऱ्यांनी विचारलं की इथले लोक गोंधळतात. मराठी माणसाला मी दोन मिनिटांत सांगते.

‘कॅन लाह’: जमेल की, त्यात काय! धीर देणं, विषय मिटवणं. सूर चढला तर तोच ‘लाह’ वैतागाचाही होतो, ‘जा रे बाबा’सारखा.

‘कॅन लोर’: करू, मग काय. दुसरा इलाज काय आहे? खांदे उडवून म्हणायचं. शनिवारी ऑफिसला यावं लागेल असं कळल्यावर जो सुस्कारा निघतो, तो ‘लोर’.

‘कॅन मे?’: जमेल होय? अविश्वास. सातारा-सांगलीकडच्यांना हा सगळ्यात लवकर जमतो, कारण तिकडचं ‘व्हय?’ आणि हे ‘मे?’ एकाच मापाचे आहेत.

‘कॅन व्हॉट’: जमतंय की! समोरच्याने नाही म्हटल्यावर त्याला खोडायला. लक्षात ठेवा, हा ‘व्हॉट’ प्रश्न नाही. ‘आय टोल्ड यू ऑलरेडी व्हॉट’ म्हणजे ‘सांगितलं होतं की मी’. पहिल्यांदा बॉसने असं म्हटलं तेव्हा मी पुढच्या वाक्याची वाट बघत उभी राहिले.

‘मा’ हा कारण उघड असताना येतो. उशीर का झाला? ‘रेनिंग मा.’ पाऊस होता ना! ‘हॉर’ म्हणजे ‘बरं का’ किंवा ‘हं’, समोरच्याची मान डोलवून घ्यायला: ‘टुमॉरो नाइन ओ’क्लॉक हॉर.’ ‘ले’ थोडा मऊ, थोडा तक्रारीचा: ‘आय डोन्ट नो ले’, म्हणजे ‘मला नाही बाई माहीत’. ‘सिया’ म्हणजे आपला ‘राव’ किंवा ‘यार’, तरुणांचा, मित्रांतला. ‘सो हॉट सिया!’ काय उकडतंय राव! तो साहेबांसमोर आणि सासऱ्यांसमोर नको. ‘लियाओ’ म्हणजे झालं: ‘फिनिश लियाओ’, संपलं. ‘वन’ मात्र आकडा नाही. ‘ही लाइक दॅट वन’ म्हणजे ‘तो असाच आहे’, स्वभाव सांगायला.

यातलं काय वापरायचं? पहिले तीन महिने फक्त ‘कॅन’, ‘कॅन कॅन’ आणि ‘कॅनॉट’. मग ‘हॉर’ आणि ‘लोर’ आपोआप येतील. ‘लाह’ सगळ्यांत शेवटी येऊ द्या. तो आधीच्या शब्दाला चिकटून म्हणायचा असतो. मध्ये थांबून, हसून, ‘कॅन... लाह!’ म्हणालात की तुम्ही पर्यटक. नुसतं ‘हॅलो लाह’, ‘थँक्यू लाह’ कुणी म्हणत नाही. ते आपल्या ‘नमस्कार की’ इतकंच विचित्र आहे.

एक धोक्याची सूचना ‘सी हाउ’बद्दल. रविवारी जेवायला येणार का, असं विचारल्यावर कुणी ‘सी हाउ’ म्हणालं तर जास्तीचा भात लावू नका. ‘बघू’चा अर्थ मराठी माणसाला समजावायची गरज नसावी.

ऑफिसात

ईमेल आणि मीटिंग शुद्ध इंग्रजीत होतात, खरं कामकाज जेवणाच्या टेबलावर सिंग्लिशमध्ये होतं. तिथले काही शब्द आल्याशिवाय तुम्हाला कळणारच नाही की तुमच्याबद्दल काय ठरलं.

‘अॅरो’ म्हणजे नको असलेलं काम कुणाच्या तरी गळ्यात मारणं. बाण तुमच्या दिशेने सुटतो. ‘केना’ हा मलाय शब्द, नको ते वाट्याला येणं. ‘आय केना अॅरो’ म्हणजे ‘माझ्या गळ्यात पडलं’. त्यावर उपाय ‘ताइची’, म्हणजे टोलवाटोलवी: समोरून आलेलं काम हात गोल फिरवून अलगद पुढच्याकडे सरकवायचं. ‘साबो’ म्हणजे दुसऱ्याला गोत्यात आणणं. ‘वायांग’ म्हणजे मूळ अर्थाने नाटक. साहेब आल्यावर जो मन लावून काम करताना दिसतो तो वायांग करतो. हाताची घडी घालून नुसता सूचना देत उभा राहतो तो ‘आय पावर’ वापरतो, डोळ्यांच्या ताकदीने काम हलवतो. हा प्रकार आपल्याकडे रस्त्यावर खड्डा खणताना हमखास दिसतो, फक्त त्याला इतकं छान नाव नव्हतं.

‘बो पियन’ म्हणजे इलाज नाही. ‘जियालात’ म्हणजे वाट लागली. ‘काँचिओंग’ म्हणजे उगाच घायकुतीला आलेला. ‘कॅच नो बॉल’ म्हणजे सगळं डोक्यावरून गेलं. ‘ब्लर’ म्हणजे ज्याला काहीच उमगत नाही असा, आणि फार झालं तर ‘ब्लर लाइक सोतोंग’. सोतोंग म्हणजे माकुल. ‘पाइसे’ हा सोन्यासारखा शब्द: लाज, संकोच, ‘माफ करा हं’ सगळं एकत्र. लिफ्टमध्ये धक्का लागला, पाइसे. उशीर झाला, पाइसे. पैशांशी काही संबंध नाही. ‘बो जिओ’ म्हणजे ‘मला नाही बोलावलंत!’ तुम्ही ऑफिसात चकली-चिवड्याचा डबा उघडलात आणि कुणाला विसरलात तर हे ऐकू येईल. ते लाडाने म्हटलेलं असतं, डबा पुढे करा.

‘किआसू’ तर या देशाने स्वतःलाच लावलेलं विशेषण आहे. मागे पडण्याची भीती. बुफेत ताटाचा डोंगर करणारा किआसू, बालवाडीच्या मुलाला तीन शिकवण्या लावणाराही किआसू. पुण्यातल्या पालकांना याची ओळख करून द्यायला नको.

आणि एचआरने किंवा पोलिसांनी ‘लिम कोपी’ला बोलावलं, म्हणजे कॉफी प्यायला, तर सिउ दाइ का कोसोंग याचा विचार करू नका. चौकशी आहे.

ओळखीचे वाटणारे, पण फसवणारे शब्द

‘लास्ट टाइम’ म्हणजे मागच्या वेळी नव्हे, पूर्वी. ‘लास्ट टाइम हिअर ऑल सी’ म्हणजे ‘पूर्वी इथं सगळा समुद्र होता’, आणि ते बरेचदा खरंही असतं, कारण या देशाने भराव टाकून बरीच जमीन मिळवली आहे. ‘आय सेंड यू’ म्हणजे तुम्हाला सोडायला येतो, कुठे पाठवत नाही. ‘यू फॉलो मी’ म्हणजे माझ्या गाडीतून चला. मी एकदा टॅक्सी करून मागून गेले होते. ‘स्पॉइल’ म्हणजे बंद पडलं, ‘लिफ्ट स्पॉइल’. ‘गोस्तान’ म्हणजे गाडी मागे घेणं, जहाजावरच्या इंग्रजी हुकमाचा अपभ्रंश. ‘व्हॉइड डेक’ म्हणजे सरकारी इमारतींचा मोकळा तळमजला. जवळपास ८० टक्के लोक या एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, इमारतींमध्ये राहतात, आणि लग्नं, अंत्यविधी, बुद्धिबळाचे डाव असं बरंच काही या तळमजल्यावर होतं. ‘किलर लिटर’ म्हणजे वरून खाली टाकलेली वस्तू. आपल्याला बाल्कनीच्या कठड्यावर तुळशीची कुंडी ठेवायची सवय असते, ती खाली पडू शकेल अशी ठेवणंही इथं अंगाशी येतं. कुंडी आत घ्या.

याउलट काही शब्द थेट आपल्या घरचे निघतात. कंपनीचा शिक्का म्हणजे ‘चॉप’, तो आपला ‘छाप’ फिरून आलाय. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, तीन मार्गिका जिथं मिळतात ते स्टेशन धोबी घाट. तिथल्या ओढ्यावर भारतीय धोबी कपडे धूत असत. कोपऱ्यावरचं किराणा दुकान म्हणजे ‘मामा शॉप’, तो मामा तमिळ असला तरी नातं तेच. मलायमध्ये संस्कृतचं बी जुनं आहे: डोकं म्हणजे ‘कपाला’, भाषा म्हणजे ‘बहासा’, मनाला येईल तसं म्हणजे ‘सुका सुका’, त्यात आपलं सुख बसलंय. देशाचं नावच सिंहपूर. फक्त ‘काकी’ला फसू नका. मलाय काकी म्हणजे पाय, आणि ‘मकान काकी’ म्हणजे खाण्यातला जोडीदार. मकान घर नव्हे, जेवण.

टॅक्सीवाला, हॉकर, सफाई करणारे वयस्कर लोक, सगळ्यांना ‘अंकल’ आणि ‘आंटी’ म्हणा. आपण काका-मावशी म्हणतो तसंच, आणि तेवढ्याच आदराने. तिशी-पस्तिशीच्या बाईला मात्र चुकूनही आंटी म्हणू नका. का, ते मुंबई लोकलमध्ये कुणालाही विचारा.

जे तोंडात घेऊ नये

‘वालाओ’ हा आश्चर्याचा उद्गार सर्रास ऐकाल. त्याचं मूळ फारसं सभ्य नाही, म्हणून मित्रांत ठीक, वडीलधाऱ्यांसमोर नको. हॉकियन शिव्या चवीने शिकवणारा एखादा सहकारी भेटतोच. हसा आणि विसरून जा. ‘आंग मो’ म्हणजे लाल केसांचा, गोऱ्या माणसाला म्हणतात. बहुतेकदा साधा शब्द आहे, पण आपण बाहेरच्यांनी जपून वापरावा. वंशावरून ठेवलेली बाकीची नावं नकोतच.

आणि आपल्याबद्दलची? ‘केलिंग’ हा भारतीय वंशाच्या लोकांना टोचणारा शब्द आहे. ‘सीका’ हे खरं तर २००५ साली झालेल्या भारत-सिंगापूर आर्थिक कराराच्या नावाचं लघुरूप, पण अलीकडे काही लोक ते भारतातून नोकरीला आलेल्यांना हिणवायला वापरतात. ऐकू आलं तर कळावं म्हणून सांगते. रोजच्या जगण्यात असं क्वचित होतं, पण नवा माणूस हसून मान डोलावतो आणि घरी येऊन अर्थ कळल्यावर रात्रभर जागतो, त्यापेक्षा आधी ठाऊक असलेलं बरं.

सरकारला सिंग्लिशबद्दल काय वाटतं, हा वेगळाच तमाशा. १९७९मध्ये चिनी बोलींऐवजी मॅन्डरिन बोला अशी मोहीम निघाली. हॉकियन घरांतून ओसरत गेली, पण सिंग्लिशमध्ये दडून राहिली. १९९९ साली पंतप्रधान गोह चोक तोंग यांनी राष्ट्रीय दिनाच्या भाषणात फुआ चू कांग या टीव्ही मालिकेतल्या कंत्राटदाराच्या इंग्रजीवर बोट ठेवलं आणि २०००मध्ये चांगलं इंग्रजी बोला, ही मोहीम सुरू झाली. २०१६मध्ये ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने शिओक, ब्लर, आंग मो, किलर लिटर वगैरे शब्द आत घेतले. आणि २०२१मध्ये लस घ्या म्हणून लोकांना सांगायची वेळ आली तेव्हा सरकारने कुणाला पुढे केलं? त्याच फुआ चू कांगला, त्याच्या त्याच इंग्रजीत.

म्हणून व्हिसाच्या कचेरीत, बँकेत, मुलांच्या शाळेतल्या मुलाखतीत आणि डॉक्टरांसमोर साधं, सरळ इंग्रजी बोला. इथले लोकही तसंच करतात. त्यांची गंमत अशी की फोनवर एका वाक्यात साहेबी इंग्रजी आणि फोन ठेवता ठेवता ‘ओके कॅन लाह’. ते बटण कधी दाबायचं हे ऐकून ऐकूनच कळतं.

मुलांची काळजी करू नका, त्यांना महिन्याभरात येतं. काळजी पुढची आहे. आईवडिलांसोबत कायमचं वास्तव्य मिळालेल्या मुलग्यांना अठराव्या वर्षानंतर दोन वर्षं लष्करी सेवा करावी लागते, आणि तिथून ते जे सिंग्लिश घेऊन येतात ते वेगळ्याच धारेचं असतं. शेजारच्या मराठी घरातला मुलगा सुट्टीवर आला होता. त्याच्या आईने जेवायला तीनदा हाक मारली. खोलीतून उत्तर आलं, ‘ओन टाइम, ओन टार्गेट.’ गोळीबाराच्या मैदानावरचा हुकूम आहे तो, आपल्या सवडीने नेम धरा. त्या माउलीने अर्थ विचारला नाही. ताट झाकलं आणि म्हणाली, ‘मग भांडीपण ओन टाइम, ओन टार्गेट घास हॉर.’